‘ब्लाऊज डिझाईन’ नावाचा फोल्डर

पेनड्राईव्ह घेऊन येणारा माणूस पहिल्याच वाक्यात खोटं बोलतो. “मी काहीच केलं न्हाई मॅडम, आपोआप झालं.” जामखेडला माझं टायपिंग, झेरॉक्स आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पंचवीस वर्षं होत आली. मधली काही वर्षं मी मुलींचा कॉम्प्युटर क्लासही घेतला. इतक्या वर्षांत आपोआप झालेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. कुणीतरी कुठेतरी डबल क्लिक केलेलं असतं.

सुरुवातीला लोक दुकानात डोकावून विचारायचे, “साहेब कुठंयत?” मी सांगायचे, “साहेब घरी कुकर लावतायत. काय बिघडलंय ते मला दाखवा.” आमचे हे शाळामास्तर, त्यांची शाळा सकाळची, त्यामुळे कुकरची गोष्ट खरीच होती. हळूहळू लोकांना सवय झाली. आता तर बायका मुद्दाम माझ्याकडे येतात. बाईच्या मोबाईलमधलं बाईनंच बघितलेलं बरं, असं त्यांना वाटतं. ह्या विश्वासाचा मला फार अभिमान होता. तो अभिमान जरा जास्तच झाला होता, हे पुढे येईलच.

आमच्याकडे पेनड्राईव्ह ही एका माणसाची वस्तू नसते. घरातल्या पक्कडीसारखी ती सगळ्यांची असते. सकाळी ट्रॅक्टरच्या टेपला, दुपारी ऑनलाईन केंद्रात सातबाऱ्याची प्रिंट काढायला, संध्याकाळी पोराच्या शाळेत, आणि लग्नसराईत भावकीत कुणाच्याही घरी. इतक्या दारांत जाऊन आल्यावर काहीतरी चिकटून येणारच.

ह्या भागात सगळ्यात जास्त दिसतो तो शॉर्टकटचा व्हायरस. तो तुमच्या फाईली पुसत नाही. त्यांच्यावर फक्त ‘लपलेली’ असा शिक्का मारतो आणि पुढे त्याच नावाचे तोतये उभे करतो. तोतया म्हणजे कोपऱ्यात बारीक बाण असलेला आयकॉन. माणसाला वाटतं, हा आपलाच फोल्डर. तो दाबतो, आणि व्हायरस त्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो. आत काहीच दिसत नाही म्हणून माणूस घाबरतो, तोच पेनड्राईव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघतो, मग तिसऱ्याला, आणि गावभर प्रसाद वाटून झाल्यावर शेवटी माझ्याकडे येतो.

ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवणारा एक जण तर माझ्यावरच उखडला होता. कॉम्प्युटरवर त्याची गाणी दिसत नव्हती आणि ट्रॅक्टरच्या टेपवर खणखणीत वाजत होती. “माझ्या ट्रॅक्टरला दिसतंय आन तुमच्या येवढ्या म्हागाच्या डब्याला दिसंना व्हय?” म्हटलं तर त्याचं बरोबर होतं. टेपला लपलेलं आणि उघडं हा भेद कळत नाही, गाणं सापडलं की ती वाजवते.

माझी युक्तीही तीच आहे. आतल्या टेबलावर माझा एक जुना कॉम्प्युटर आहे. त्याला इंटरनेट नाही, दुकानातल्या दुसऱ्या कुठल्याही यंत्राशी तो जोडलेला नाही, आणि त्याच्यात नेहमीची नव्हे तर वेगळी सिस्टीम टाकलेली आहे. ह्या व्हायरसला तिथली भाषाच येत नाही, त्यामुळे तो तिथे गप पडून राहतो. त्या सिस्टीमला लपवाछपवीही कळत नाही. पेनड्राईव्ह लावला की जे आहे ते सगळं समोर. मी आधी सगळ्याची जशीच्या तशी कॉपी काढते आणि मग मूळ पेनड्राईव्हला हात लावत नाही. कॉपीतून फोटो, कागदपत्रं, गाणी तेवढी निवडायची, तोतये आणि अनोळखी प्रोग्रॅम मागे ठेवायचे. सगळं मिळाल्याची खात्री झाली की पेनड्राईव्ह पुसून स्वच्छ करायचा आणि निवडलेलं परत भरायचं. अवघड काही नाही, घाई केली नाही म्हणजे झालं.

भिंतीवर मी बोर्ड लावला होता. काम गिऱ्हाइकासमोरच होईल, आणि गिऱ्हाईक उठायच्या आत त्याची कॉपी त्याच्या डोळ्यांदेखत पुसली जाईल. म्हणून त्या कॉम्प्युटरचा स्क्रीन मी गिऱ्हाइकाच्या बाजूला तिरका फिरवून ठेवायचे. लोकांना बरं वाटायचं, आणि मला तर त्याहून जास्त.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायचंय तो दिवस. हे लिहू का, असं ज्या बाईची ही गोष्ट आहे तिला मी विचारलेलं आहे. नावं बदलली आहेत आणि गाव सांगत नाही.

दुपारी बाराच्या सुमारास एक जोडपं आलं. तो चाळिशीचा, स्वच्छ पांढरा शर्ट, बोलायला मऊ. त्याला रावसाहेब म्हणू. ती त्याच्याहून बरीच लहान, डोक्यावर पदर, तिला कल्पना म्हणू. रावसाहेबांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला पेनड्राईव्ह काढला.

“मॅडम, उद्या मोजणीवाले येनार हायेत. चुलत्यानं बांध कोरलाय आमचा. मागल्या साली दगड कुठं हुते त्याचे फोटो ह्याच्यात हायेत, आन आता उघडाया गेलं तर सगळे बान-बान दिसत्यात. फोटो निघतील का?”

“निघतील. बसा.”

“तारीख ऱ्हाईल ना त्याच्यावर? तारखेलाच किंमत हाय.”

“फोटो कधी काढला ते फोटोच्या आतच लिहिलेलं असतं. आणि मी कॉपी करते तेव्हा फाईलची तारीखही हलू देत नाही.” हा माझा आवडता विषय, त्यामुळे मी दोन मिनिटं त्यावर बोलले.

तेव्हा कल्पना बाकावरून म्हणाली, “मॅडम, फॉरमॅट मारा ना सरळ. कशाला एवढा ताप.”

“तू गप,” रावसाहेब तिच्याकडे न बघता म्हणाले.

ती गप बसली नाही. “बांधाचे फोटो भाऊजींच्या मोबाईलमधी बी असत्याल. फॉरमॅट मारून द्या मॅडम. स्वच्छ हुतंय.”

फॉरमॅट म्हणजे सगळं पुसून टाकणं. अर्धवट ज्ञान असलेल्या माणसांचा हा लाडका शब्द आहे, आणि तो ऐकला की माझं डोकं फिरतं. मी तिला चांगलं लेक्चर दिलं. म्हटलं, “ताई, घरात उंदीर झाला म्हणून कुणी घर जाळतं का? तुमची एकेक फाईल काढून देते. काही जाणार नाही.” ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, हिला पटलं. आज ती नजर आठवली की मला माझीच लाज वाटते.

कॉपी झाली. मी पेनड्राईव्ह काढून बाजूला ठेवला आणि स्क्रीनवर फोल्डर आले. शेती, बांध, आधार सगळ्यांचे, गाणी, शाळा. आणि शेवटी ब्लाऊज डिझाईन.

“हे काय?” रावसाहेब हसले. “हे कवा आलं ह्याच्यात?”

“माझं हाय,” कल्पना म्हणाली. “शिवनाचं. ते नका उघडू मॅडम, लई फोटो हायेत, उगं टाईम जाईल.”

प्रत्येक फोल्डर उघडून गिऱ्हाइकाकडून ‘हो, हे माझं’ असं वदवून घ्यायचं, ही माझी पद्धत. बांध उघडला. चुन्याचे दगड, तारखेसकट. रावसाहेब खूश झाले. आधार उघडला, शाळा उघडली. आणि मग, अर्धं काम करून देणाऱ्यातली मी नाही हे तिला दाखवायलाच जणू, मी ब्लाऊज डिझाईन उघडला.

माझा कॉम्प्युटर जुना. फोटो एकेक करून उमटतात. पहिल्या ओळीत ब्लाऊजच होते, पाठीमागे नॉट बांधलेले, बाहीला लेस लावलेले. दुसऱ्या ओळीतला पहिला फोटो उमटला तो एका दंडाचा होता. दंड कोपरापासून वरपर्यंत काळानिळा, आणि त्याच्याशेजारी दुसऱ्या हातात धरलेलं भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं फाडलेलं पान. पुढच्या फोटोत पाठ उमटायला लागली होती.

मी पायानं टेबलाखालचं विजेचं बटण बंद केलं. स्क्रीन काळा झाला.

“लाईट गेली,” मी म्हटलं.

रावसाहेबांनी वर पाहिलं. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

“पंखा तर चालू हाय.”

“ह्या टेबलाची लाईन वेगळी आहे. सारखी ट्रिप होते.” माझा आवाज मलाच परका वाटत होता. ह्यानं पाहिलं की नाही पाहिलं? तो माझ्या उजव्या हाताला होता, स्क्रीन त्याच्याकडेच तिरका होता. पण बांधाचे फोटो मिळाल्यावर तो मोबाईलवर भावाला काहीतरी लिहीत होता, असंही मला वाटत होतं. कल्पनाकडे बघायचा धीर मला झाला नाही.

“तुम्ही जेवून या की,” मी म्हटलं. “सुरू व्हायला वेळ लागेल.”

“बसतो ना. तुमचाच बोर्ड हाय, गिऱ्हाइकाम्होरंच काम.” ते हसले. चेष्टेनं म्हणाले की कशानं, तेही मला कळलं नाही.

कॉम्प्युटर सुरू व्हायला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांत मी काय काय विचार केले ते सांगता येणार नाही. फोल्डर पेनड्राईव्हवर परत भरला तर तो आता लपलेला राहणार नाही, आणि रावसाहेबांनी नाव वाचलेलं आहे. घरी जाऊन ते उघडणारच. नाही भरला, आणि माझी कॉपीही पुसली, तर त्या बाईनं किती दिवस, किती जपून जमवलेलं सगळं माझ्या हातानं जाणार. तिला विचारायचं तर तो मधे बसलेला.

मी वायर ओढली जातेय असं पुटपुटत स्क्रीन स्वतःकडे फिरवला. त्या दुकानात असं मी पहिल्यांदाच करत होते. ब्लाऊजचा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर ‘टायपिंग सराव’ नावाच्या कप्प्यात उतरवला आणि मग शक्य तितक्या सहज आवाजात म्हटलं, “ताई, तुमच्या डिझाईन्स काही निघत नाहीत. फाईली खराब झाल्यात. बाकी सगळं मिळालं. चालेल का?”

ती म्हणाली, “चालंल. डोक्यात हायेत माझ्या.”

मी पेनड्राईव्ह पुसून भरून दिला. रावसाहेब उठले, दोन पावलं गेले आणि परत वळले. “मॅडम, ती कॉपी पुसायची ऱ्हायली की. बोर्डावर लिव्हलंय.”

मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवला. त्यांच्यासमोर कॉपी पुसली, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. “झालं?” “झालं,” मी म्हटलं. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाशी ह्या बाबतीत मी एकदाही खोटं बोलले नव्हते. ते दोघं मोटारसायकलवर बसून गेले, आणि मी शटर अर्धं ओढून स्टुलावर बसून राहिले.

पुढचे आठ दिवस वाईट गेले. माझ्याकडे नंबर होता तो रावसाहेबांचा. तिच्याशी बोलायची वाट नाही. पेपरात आधी तालुक्याच्या बातम्यांचं पान उघडायचे आणि तिच्या गावाचं नाव नसलं की मगच चहा घ्यायचे. घरी ह्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, पोलिसांत दे. पण फोटो माझे नव्हते. मी चौकीत गेले असते तर दिवस मावळायच्या आत ते तिच्या घरी कळलं असतं, आणि त्या घरात मी नव्हे, ती राहत होती. एकदा तिला न विचारता शहाणपणा केला होता, तेवढा पुरे होता.

मग सुचलं की ती ब्लाऊज शिवते. मी बारा महिने ड्रेस घालणारी बाई. तरी बाजारातून एक ब्लाऊजपीस घेतलं आणि तिच्या गावाला जाणाऱ्या जीपमध्ये बसले. रावसाहेब ओट्यावर मोजणीच्या नकाशाची घडी घालत बसले होते.

“मॅडम, तुमी? इकडं?”

“ह्या बाजूला आले होते. म्हटलं ताई शिवतात, तर एक टाकावं.”

“कल्पे, मॅडम आल्यात. मापं घे.” आणि माझ्याकडे वळून, “बांध आमच्या बाजूनं निघाला बरं का. फोटोनं काम केलं.”

माप घ्यायच्या खोलीत पुरुष येत नाहीत. तिनं दार लोटलं, टेप माझ्या दंडाला लावली आणि मोठ्यानं म्हणाली, “हात वर करा.” मग कानाशी, अगदी हळू, “हायेत का?”

“आहेत. सगळे. तारखांसकट.”

तिचे डोळे भरून आले, पण टेप हलली नाही. मी विचारलं, “त्यांनी पाहिलं का त्या दिवशी?”

“न्हाई. पाहिलं असतं तर आज तुमच्या म्होरं हुबी नसते.” आणि मोठ्यानं, “कंबर सैल ठेवू का?”

“ठेव.”

“मी तुमच्याच क्लासला हुते मॅडम, लग्नाआधी. फोल्डर लपवायचं तुमीच शिकवलं. मोबाईल रोज बघत्यात ते. म्हनून त्यांच्याच पेनड्राईव्हमधी ठिवलं, तिथं कोन शोधतंय. तुमच्या दुकानात शिरलो तवाच मला कळलं आता सगळं दिसनार म्हनून.”

इतक्या मुली शिकून गेल्या, मी तिला ओळखलंच नव्हतं. म्हणजे अर्धवट ज्ञान तिचं नव्हतं. मी काय करणार आहे हे तिला माझ्याआधी कळलं होतं, आणि आपला सगळा पुरावा पुसला गेला तरी चालेल असं ठरवून ती मला तिचा जीव वाचवायला सांगत होती. मी तिला उंदराची गोष्ट सांगितली.

मी तिच्यासाठी एका मेमरी कार्डावर कॉपी नेली होती. ती नको म्हणाली. “हितं नगं. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. लागंल तवा मागंन.” मग शिलाई मशीनच्या खणातल्या बॉबिनच्या डबीतून नखाएवढं कार्ड काढून तिनं माझ्या मुठीत दाबलं. “ह्यात एक हाय. ते बी त्यात टाका.”

“कधीचा?”

“तुमच्या दुकानातनं आलो त्याच सांजचा. परक्या मानसाम्होरं मधी मधी का बोलली म्हनून.”

बाहेरून आवाज आला, “झाली का मापं?” “झाली,” ती म्हणाली आणि वहीत माझं माप लिहायला लागली. ती जीप, तो रस्ता, मी घरी कशी आले, काही आठवत नाही. मूठ मात्र घरी येईपर्यंत उघडली नव्हती.

त्यानंतर चार महिने गेले. भिंतीवरचा बोर्ड मी काढून ठेवला. कामाची पद्धत बदलली. आता आधी विचारते, ह्यात कुणाकुणाचं काय आहे, आणि जोडीनं आलेल्यातलं जे गप असतं त्याला जरा वेगळ्या वेळी बोलावते. कुणी बाई फॉरमॅट मारा म्हणाली तर हात थांबवते. धंद्याला हे परवडत नाही आणि कधीकधी लोक चिडतात. चिडू देत.

आणि एक दिवस सकाळी ती आली. कडेवर लेकरू, सोबत भाऊ. तो सुप्याला कंपनीत आहे, तिथे खोली घेऊन राहतो. बहिणीला तो कायमचा न्यायला आला होता, आणि रावसाहेबांवर केस करायचं दोघांनी ठरवलं होतं. घरातून ती दवाखान्याच्या नावानं निघाली होती. भाऊ सारखा रस्त्याकडे बघत होता.

“मॅडम, डिझाईन पायजेत,” ती म्हणाली.

मी आतल्या टेबलाशी गेले आणि खुर्चीवरून बाजूला झाले. म्हटलं, “तू बस. तुझं आहे, तूच काढ.” ती बसली. बोटं आधी जरा अडखळली, मग सरावली. मी लेकराला घेऊन दारात उभी राहिले, मोटारसायकलचा आवाज आला की रस्त्यावर डोकावून बघत होते. आतून माऊसची टिकटिक ऐकू येत होती, एकेक फोटो उघडून ती बघत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, “सगळे उघडत्यात.”

मग तिनं विचारलं, “मॅडम, तुमच्याकडची पुसू का आता?”

खरं सांगायचं तर मला ती पुसून हवी होती. चार महिने माझ्या डोळ्याला धड डोळा लागला नव्हता. पुसून टाक म्हणून शब्द ओठावर आला होता. मी तो गिळला आणि विचारलं, “तुला काय वाटतं?”

तिनं भावाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “केस संपस्तोवर.”

केस अजून चालू आहे. कॉपी माझ्याकडे आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी ती जागेवर आहे ना एवढं बघते, आत बघत नाही. झोप अजूनही धड लागत नाही, पण ते राहू दे.